शस्त्राचा संग्रह आणि शस्त्राची साक्ष

नाणी, टपालाची तिकिटे किंवा जुन्या पोथ्या जमविणाऱ्या मनुष्याला त्याच्या छंदाचा जाब सहसा कोणी विचारीत नाही. फार तर घरची माणसे जागेची आणि पैशाची तक्रार करतात. परंतु जी वस्तू मुळात माणूस मारण्यासाठीच घडविली गेली, ती कोणी आवडीने विकत घेऊन, तिला तेलपाणी करून, काचेच्या कपाटात मांडू लागला म्हणजे विचार करण्याचा प्रसंग येतो. अमेरिकेत अशा संग्राहकांची परंपरा मोठी आहे आणि त्यांत एकोणिसाव्या शतकातील लष्करी कार्बाईन जमविणाऱ्यांचा वर्ग स्वतंत्रपणे उठून दिसतो. कार्बाईन म्हणजे घोडदळाची आखूड बंदूक. जुन्या मराठीत तिलाच कराबीन म्हणत. तोच शब्द येथे वापरतो. स्वाराला खोगिरावरून हाताळता यावी म्हणून तिची नळी आखूड असे आणि खांद्यावरून घेतलेल्या पट्ट्याला ती अडकविता यावी म्हणून तिच्या अंगाला एक दांडी व कडी बसविलेली असे.

या छंदाविषयी दोन प्रश्न उभे राहतात. ज्या शस्त्राने माणसे मारली गेली, ते केवळ शंभर-दीडशे वर्षे लोटल्यामुळे निर्दोष होते काय? आणि त्या शस्त्राने माणसे मारली, एवढ्याच कारणासाठी त्याला अधिक किंमत देणे सद्सद्विवेकाला पटण्यासारखे आहे काय?

हे प्रश्न परदेशातील छंदिष्टांचे आहेत, त्यांचा आपल्याशी काय संबंध, असे वाचकांनी म्हणू नये. खंडेनवमीस आपण शस्त्रे पाटावर मांडून त्यांना गंध-फूल वाहतो. आपल्या भाषेत ‘हत्यार’ हा एकच शब्द सुताराच्या पटाशीला आणि सैनिकाच्या तलवारीला चालतो. तेव्हा शस्त्र घरात ठेवणे हेच पाप, असे म्हणून मोकळे होण्याची सोय आपल्याला नाही. शस्त्राला हात जोडणाऱ्या समाजाने, शस्त्राकडे कोणत्या बुद्धीने पाहावे, याचा विचार इतरांपेक्षा अधिक काळजीने करावयास हवा.

प्रथम संग्राहकाची बाजू नीट मांडली पाहिजे. त्याच्या कपाटातील वस्तू यंत्रविद्येच्या इतिहासातील खऱ्याखुऱ्या पायऱ्या आहेत. जॉन हॉल याने हार्पर्स फेरी येथील सरकारी कारखान्यात, एका बंदुकीचा भाग दुसरीला बिनतक्रार बसावा इतक्या नेमकेपणाने बंदुका तयार करून दाखविल्या. त्याच्याच रचनेची १८३३ ची कराबीन तोंडाकडून न भरता मागून भरली जात असे. ख्रिश्चन शार्प्सने १८४८ मध्ये पेटंट घेतलेल्या रचनेत, खालची तरफ ओढली की नळीचे मागील तोंड उघडणारा पोलादी ठोकळा खाली सरके. ख्रिस्तोफर स्पेन्सरने १८६० मध्ये याहून पुढे जाऊन लाकडी दस्त्यातच सात काडतुसे ओळीने साठविण्याची योजना केली. यादवी युद्धाच्या काळात उत्तरेकडील सरकारने स्पेन्सरच्या नव्वद हजारांहून अधिक कराबिनी खरेदी केल्या. युद्ध संपल्यावर मात्र लष्कराने काटकसरीचा आणि मजबुतीचा विचार करून १८७३ मध्ये पुन्हा एकबारी बंदूक पत्करली. हीच मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्यातील, तळघराच्या झडपेसारखे वर उघडणारे झाकण असलेली कराबीन. तिची नळी बावीस इंचांची आणि वजन सुमारे सात पौंड.

या वस्तूंचा अभ्यास करणारा खरा संग्राहक मोठा चिकित्सक असतो. लाकडावर तपासनिसाचा शिक्का कोणत्या साली कसा उठविला जाई, नेम धरण्याच्या पट्टीवर कराबिनीची खूण असलेले अक्षर आहे की नाही, कडीच्या दांडीखालची झीज स्वाभाविक आहे की कानशीने केलेली आहे, हे तो भिंग लावून पाहतो. कारण स्प्रिंगफील्डच्या लांब बंदुका कापून त्या कराबिनी म्हणून खपविण्याचा उद्योग या बाजारात फार जुना आहे. जुन्या धातूवर काळाने चढविलेला तपकिरी रंग घासून काढणे हा त्याच्या लेखी अपराध आहे. वस्तू जशी आली तशीच ठेवावी, तिच्यावरचा एकही ओरखडा बुजवू नये, अशी त्याची शिस्त. या शिस्तीत सत्याविषयीचा आदर आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे. पुढे मी जे म्हणणार आहे त्याचा पायाही हीच शिस्त आहे.

आता पहिला प्रश्न. शस्त्राला स्वतःला दोष लागतो काय? प्राचीन काळच्या लोकांना तो लागतो असे वाटे. अथेन्समध्ये एखाद्याच्या अंगावर दगड किंवा लोखंडाचा तुकडा पडून तो मेला आणि पाडणारा सापडला नाही, तर त्या निर्जीव वस्तूवरच रीतसर खटला चाले आणि शिक्षा म्हणून ती देशाच्या सीमेबाहेर टाकली जाई. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात, ज्या वस्तूच्या योगाने मनुष्याचा अपघाती मृत्यू घडे ती वस्तू किंवा तिचे मोल देवाला अर्पण झाले असे समजून राजा जप्त करीत असे. ही पद्धत १८४६ पर्यंत टिकली. आगगाडीच्या अपघातांत इंजिनांवर असा आकार बसू लागला, तेव्हा कोठे ती रद्द करण्यात आली.

आज आपण या समजुतींना हसतो. पण वस्तूवर दोष ढकलण्याची खोड माणसाची गेलेली नाही. २५ जून १८७६ रोजी मोंटाना प्रदेशात लिटल बिगहॉर्न नदीकाठी लाकोटा, शायेन आणि अरापाहो यांनी अमेरिकेच्या सातव्या घोडदळाचा पराभव केला. कस्टर आणि त्याच्या बरोबरचे दोनशेंहून अधिक सैनिक मारले गेले. त्यानंतर बरीच वर्षे या पराभवाचे खापर स्प्रिंगफील्ड कराबिनीवर फोडण्यात येत असे. तांब्याची काडतुसे तापून नळीत अडकत, ती सुरीने उकरून काढावी लागत, म्हणून सैनिक हरले, असे सांगितले जाई. पुढे १९८३ मध्ये त्या रणभूमीवर वणवा लागून गवत जळाले आणि १९८४-८५ मध्ये पुरातत्त्वज्ञांनी धातुशोधक यंत्रांच्या साहाय्याने ती जमीन तपासली. प्रत्येक बंदुकीची टाचणी काडतुसाच्या बुडावर आपली विशिष्ट खूण उमटविते. तिच्यावरून कोणती बंदूक कोठून कोठे सरकली, याचाही माग काढता आला. सापडलेल्या काडतुसांपैकी अगदी थोड्यांवर उकरल्याच्या खुणा होत्या. काडतुसे अडकत होती हे खरे ठरले. परंतु एवढ्यावरून पराभवाची उपपत्ती लागत नाही, हेही दिसून आले. सेनापतीचे निर्णय आणि शत्रूचे शौर्य ही कारणे मान्य करण्यापेक्षा लोखंडाला दोषी ठरविणे सोपे होते, म्हणून ते इतकी वर्षे चालले.

शस्त्राला पाप लागत नाही, हे मान्य करण्यास आणखीही एक आधार आहे. दास्यविमोचनासाठी झगडणाऱ्या न्यू इंग्लंडमधील मंडळींनी १८५६ च्या सुमारास कॅन्सासमधील वसाहतवाल्यांना शार्प्सच्या बंदुका धाडल्या. हेन्री वॉर्ड बीचर या धर्मोपदेशकाने त्यासाठी आपल्या चर्चमध्ये वर्गणी गोळा केली आणि लोक त्या बंदुकांना ‘बीचरची बायबले’ म्हणू लागले. याच हेतूने घेतलेल्या सुमारे दोनशे शार्प्स कराबिनी पुढे जॉन ब्राऊनच्या हाती गेल्या. ऑक्टोबर १८५९ मध्ये गुलामांना सशस्त्र करून मुक्त करण्यासाठी त्याने हार्पर्स फेरीच्या कारखान्यावर छापा घातला आणि डिसेंबरात तो फासावर गेला. एका पिढीनंतर, २९ डिसेंबर १८९० रोजी, साउथ डकोटामध्ये वूंडेड नी येथे त्याच सातव्या घोडदळाने, शरण आलेल्या लाकोटांची शस्त्रे काढून घेत असता, स्प्रिंगफील्ड कराबिनींनी आणि चार हॉचकिस तोफांनी पुरुषांबरोबर बायका-मुलांचीही कत्तल केली. १४६ प्रेते एकाच चरात पुरण्यात आली. मृतांची एकूण संख्या अडीचशे ते तीनशेच्या दरम्यान धरली जाते. दोन्ही ठिकाणी चाप, नळी आणि दारू यांचे कार्य एकच होते. भेद हातांत आणि हेतूंत होता.

मग शस्त्र निर्दोष असेल, तर संग्राहकही आपोआप निर्दोष ठरला, असे म्हणावे काय? येथे घाई होते. वस्तूला पाप लागत नाही, याचा अर्थ एवढाच की पापाची चौकशी वस्तूपाशी थांबवू नये. ती माणसापर्यंत गेली पाहिजे, आणि आज ती वस्तू ज्याच्या ताब्यात आहे तोही त्या माणसांच्या साखळीतील शेवटचा दुवा आहे.

येथे संग्राहक कायद्याचा आधार घेतो. अमेरिकेच्या १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्याने १८९८ हे वर्ष सीमारेषा म्हणून ठरविले. त्या वर्षी किंवा त्यापूर्वी तयार झालेली बंदूक ही पुराणवस्तू असून, त्या कायद्याच्या व्याख्येप्रमाणे ती अग्न्यस्त्रच नव्हे. म्हणजे वूंडेड नी येथे ज्या कराबिनींनी गोळ्या झाडल्या, त्या संघराज्याच्या त्या कायद्यापुरत्या आज बंदुकाच उरलेल्या नाहीत! आपल्याकडचा १९५९ चा शस्त्र अधिनियम निराळी कसोटी लावतो. जुन्या घडणीचे अथवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेले शस्त्र त्यातून वगळले आहे. मात्र दुरुस्ती करूनही ते झाडता येण्याजोगे असता कामा नये. एका कायद्याने वय पाहिले, दुसऱ्याने सामर्थ्य पाहिले. दोघांचाही रोख सार्वजनिक धोक्याकडे आहे. कोणत्या शस्त्राने कोणाला मारले आणि ते कृत्य न्याय्य होते की नव्हते, हा प्रश्न या कायद्यांनी विचारलेलाच नाही. मग त्यांच्यापासून त्याचे उत्तर कसे मिळावे?

कायदेशीर असणे आणि उचित असणे यांतील अंतर कराबिनींच्याच इतिहासातील एका प्रकरणाने उत्तम दाखविले आहे. १८६१ मध्ये युद्धखात्याने हॉलच्या पाच हजार कराबिनी निकामी समजून दर नगास साडेतीन डॉलरने विकावयास काढल्या. त्या व्यवहारात, पुढे धनकुबेर झालेल्या पीअरपॉन्ट मॉर्गनने वीस हजार डॉलर कर्जाऊ दिले होते. नळ्यांच्या आतून आटे पाडण्याचा किरकोळ खर्च करून त्याच कराबिनी पश्चिमेकडील जनरल फ्रेमाँट यास बावीस डॉलर दराने विकल्या गेल्या. सरकारने आपलाच माल सहापट किमतीस परत घेतला, आणि तोही ऐन युद्धात. चौकशी समितीने ताशेरे ओढले, पैसे अडले, वाद पुढे दाव्यांच्या न्यायालयात गेला. न्यायालयाने करार वैध ठरविला व विक्रेत्याच्या बाजूने निकाल दिला. वकील या नात्याने मला त्या निकालात चूक दिसत नाही. करार तो करारच. पण हा व्यवहार कोणी आपल्या मुलांना आदर्श म्हणून सांगितला असेल, असे वाटत नाही.

दुसरा प्रश्न किमतीचा; आणि खरी अडचण तेथेच आहे. स्प्रिंगफील्डच्या दोन कराबिनी घ्या, एकाच साली घडलेल्या, सारख्याच स्थितीतल्या. एक कोठारात पडून राहिली; दुसरी लिटल बिगहॉर्नच्या रणात होती असे अनुक्रमांकावरून अथवा काडतुसांवरील खुणांवरून सिद्ध झाले. दुसरीची किंमत पहिलीच्या कितीतरी पट होते. लोखंड तेच, लाकूड तेच. वाढीव रक्कम कशाची? अगदी उघड बोलावयाचे तर ती मृत्यूची आहे. त्या दुपारी जी माणसे मेली, ती मेली नसती तर ही कराबीन स्वस्त राहिली असती.

यावर संग्राहक म्हणतो, “मी रक्ताचे मोल देत नाही, इतिहासाचे देतो. ही वस्तू त्या घटनेची साक्षीदार आहे.” हे उत्तर मला खोटे वाटत नाही. मी त्याचा शब्द तंतोतंत घेऊ इच्छितो. ज्याने साक्षीदार म्हणून वस्तू विकत घेतली, त्याच्यावर साक्षीदाराविषयीची कर्तव्येही येतात. १८७२ च्या पुरावा कायद्यातील ११४ व्या कलमाच्या उदाहरणांत एक तत्त्व सांगितले आहे, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या अधिनियमातही ते कायम आहे : जो पुरावा हजर करता येण्यासारखा असून हजर केला जात नाही, तो ज्याने दडविला त्याच्याच विरुद्ध जाणारा असावा, असे न्यायालयाला मानता येते. हीच कसोटी कपाटाला लावा. घोडदळाचे शौर्य सांगणारी चिठ्ठी कराबिनीखाली ठळक लिहिली आहे, पण त्या बंदुकीच्या तोंडासमोर कोण उभे होते याचा उल्लेख नाही. मग ती साक्ष अर्धी दडविलेली आहे; आणि दडविणाऱ्याला वस्तूबरोबर तिचा अभिमानही विकत घ्यावयाचा होता, हे अनुमान त्याच्याविरुद्ध काढावेच लागते.

दुसऱ्या बाजूच्या वस्तूंचे काय झाले, तेही पाहिले पाहिजे. वूंडेड नीच्या काळी अनेक लाकोटांनी घातलेले विशिष्ट सदरे त्यांच्या दृष्टीने पवित्र होते. ते घातले असता गोळी लागणार नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. त्या कत्तलीतील म्हणून ओळखला जाणारा असा एक सदरा अमेरिकेतून युरोपात आलेल्या एका करमणुकीच्या मंडळीतील दुभाष्याकडून ग्लासगोच्या केल्विनग्रोव्ह संग्रहालयात १८९० च्या दशकारंभी पोहोचला. शंभर वर्षे तो काचेआड होता. लाकोटांनी मागणी केल्यावर ग्लासगो शहराने चौकशी बसविली, बाजू ऐकून घेतल्या आणि १९९९ मध्ये तो सदरा परत केला. अमेरिकेतही १९९० च्या कायद्याने, सरकारी पैसा घेणाऱ्या संग्रहालयांवर आदिवासींचे अस्थिअवशेष व पवित्र वस्तू परत करण्याचे बंधन आले. मरणाऱ्याच्या अंगावरील वस्त्राविषयी जगाचे मन असे हळूहळू जागे झाले. मारणाऱ्याच्या हातातील शस्त्र मात्र अजून केवळ बाजारभावाने मोजले जाते.

याचा अर्थ कराबिनीही लाकोटांना द्याव्यात, असा नाही. सदरा त्यांचा होता. कराबीन अमेरिकेच्या सरकारची होती आणि रीतसर विक्रीने ती पुढे गेली असेल, तर तिच्या मालकीवर त्यांचा दावा पोहोचत नाही. त्या वितळवून टाकाव्यात, असेही माझे मत नाही. पुरावा नष्ट केल्याने गुन्हा पुसला जात नाही, फक्त सिद्ध करणे अवघड होते. पण मालकी आणि साक्ष या दोन भिन्न गोष्टी आहेत. मालकी संग्राहकाची असेल; साक्षीवर मात्र मेलेल्यांच्या वंशजांचा हक्क आहे आणि सत्य जाणू इच्छिणाऱ्या प्रत्येकाचाही आहे. म्हणून अशा वस्तूचा धनी तिचा विश्वस्त असतो. त्याने अनुक्रमांक व खुणा प्रसिद्ध कराव्यात, अभ्यासकाला वस्तू पाहू द्यावी, चिठ्ठीवर दोन्ही बाजूंची नावे लिहावीत आणि आपल्या पश्चात ती पुन्हा एखाद्या अंधाऱ्या कपाटात जाऊ नये अशी मृत्युपत्रात तरतूद करावी. स्प्रिंगफील्डचा सरकारी कारखाना १९६८ मध्ये बंद झाला. तेथे आज राष्ट्रीय संग्रहालय आहे. अशा ठिकाणी वस्तू पोहोचविणे अशक्य नाही.

एक आक्षेप उरतो. कोणी म्हणेल, मला इतिहास नको, अभिमानही नको. मला त्या यंत्राची सुबक घडण आवडते, एवढेच. अशा माणसाला मी दोष देणार नाही. मात्र त्याने मग कोठारात पडून राहिलेली स्वस्त कराबीन घ्यावी. घडण तिचीही तितकीच सुबक आहे. तो जर रणातून आलेलीच मागू लागला, तर त्याला केवळ घडण आवडते, हे त्याचे म्हणणे त्याच्याच पैशाच्या थैलीने खोटे पाडले.

शस्त्राविषयीचा हा लोभ आपल्या परंपरेने फार पूर्वी ओळखला होता. महाप्रस्थानिक पर्वात पांडव सर्वस्वाचा त्याग करून वल्कले नेसून निघतात. राज्य सुटले, घर सुटले. तरी अर्जुनाच्या हातून गांडीव सुटत नाही. युद्ध संपलेले आहे, शत्रू उरलेला नाही, धनुष्याचे काही काम नाही. महाभारतकारांनी त्याचे कारण सरळ सांगितले आहे, की त्या रत्नाचा लोभ. शेवटी अग्नी वाट अडवून उभा राहतो आणि हे धनुष्य वरुणाकडून आणलेले होते, ते त्याला परत कर, असे बजावतो. तेव्हा अर्जुन गांडीव आणि अक्षय भाते पाण्यात सोडून देतो. खांडववनापासून कुरुक्षेत्रापर्यंत त्या धनुष्याने केलेल्या संहाराबद्दल अग्नी त्याला एक शब्दही विचारीत नाही. तो एवढेच लक्षात आणून देतो, की हे तुझे नव्हते. कामापुरते तुझ्याकडे ठेवलेले होते.

अमेरिकेतील संग्राहकाच्या कपाटातील कराबिनीही त्याच्याकडे अशाच काही काळापुरत्या ठेवलेल्या आहेत. त्याने त्या जपाव्यात, त्यांवरचा एकही ओरखडा बुजवू नये; आणि त्यांच्या हकिकतीवरचाही बुजवू नये.